काळीत शेत, पांढरीत घर

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेतून आम्हांला बोलावणे आले. शाळा शहराच्या नव्या वाढीत, पूर्वी ज्वारी-कापसाची शेते होती तिथे उभी आहे. विज्ञानाच्या बाईंनी आम्हांला सातवीच्या वर्गात नेले. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरपी भेग गेली होती. तिच्यात पेन्सिल सहज जात होती. बाई म्हणाल्या, "सर, पावसाळ्यात ही आपोआप बुजते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सिमेंटने भरून घेतली, तर ऑगस्टमध्ये शेजारी दुसरी पडली. मुले म्हणतात, भिंत श्वास घेते."

मुलांचे म्हणणे तसे चुकीचे नव्हते. फक्त श्वास भिंत घेत नव्हती, तिच्याखालची जमीन घेत होती.

ही जमीन कुठून आली, आणि इथल्या माणसांना तिचा स्वभाव कधीपासून ठाऊक आहे, हे शोधायला लागलो तेव्हा आम्हांला प्रयोगशाळेपेक्षा जुन्या कागदांत आणि रोजच्या बोलण्यातल्या शब्दांतच जास्त सापडले. शहराच्या नावापासूनच सुरुवात करू. १६१० साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इथे राजधानी वसवली तेव्हा गावाचे नाव होते खडकी. पुढे १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेहखानाने, ते फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत औरंगाबाद झाले. आणि २०२३ पासून ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आहे. राज्यकर्त्यांनी दिलेली नावे माणसांची किंवा विजयाची. त्याआधीचे, गावकऱ्यांनी दिलेले नाव मात्र जमिनीचे आहे. खडकी म्हणजे खडकाळ जागा. जिथे थोडे खणले की खडक लागतो, तिथले गाव.

तो खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांमधून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला, थरावर थर साचला. वेरूळचे कैलास लेणे याच थरांत कोरलेले आहे आणि देवगिरीचा कडा याच थरांचा तासलेला आहे. उघड्यावर पडलेला बेसाल्ट ऊन-पावसाने झिजू लागला की आधी त्याचा मुरूम होतो आणि मग मुरमाची माती. डोंगराच्या उतारावर ही माती टिकत नाही, वाहून जाते. तिथे वीतभर मुरमाड बरड तेवढी उरते. वाहून गेलेली बारीक माती खाम, सुखना आणि दुधना या नद्यांच्या सखल पट्ट्यांत साचते. तीच खोल काळी जमीन. एकाच शहरात, चार-पाच किलोमीटरच्या अंतरात, उघड्या खडकापासून पुरुषभर खोल काळीपर्यंत सगळे प्रकार सापडतात याचे कारण हे.

काळ्या मातीचा स्वभाव तिच्यातल्या एका खनिजामुळे आहे. फ्रान्समधल्या माँमोरियाँ या गावावरून त्याला माँटमोरिलोनाइट म्हणतात. त्याचे कण पुस्तकाच्या पानांसारख्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात आणि पापुद्रे एकमेकांना फार सैल धरून असतात. पाणी मिळाले की ते दोन पानांच्या मध्ये शिरते आणि पुस्तक फुगते. पाणी गेले की पाने पुन्हा मिटतात. या खनिजाच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर ते सातशे-आठशे चौरस मीटर होतील. एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटते, म्हणून काळी जमीन पाऊस संपल्यावरही रब्बीची ज्वारी केवळ साठवलेल्या ओलीवर पिकवून दाखवते. आणि म्हणूनच उन्हाळ्यात ती अशी भेगाळते की वासराचा पाय अडकावा. भेगांमध्ये वरची माती पडते, पावसात तळ फुगून ती पुन्हा वर ढकलली जाते. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे शेतकरी म्हणतात. मृदाशास्त्रज्ञही तेच म्हणतात, फक्त त्यांचा शब्द लांब आहे.

आता प्रश्न असा, की जी जमीन दरवर्षी वर-खाली होते तिच्यावर घर बांधायचे कसे? जुने उत्तर सरळ होते: बांधायचेच नाही.

मराठी दप्तरांतले दोन शब्द इथे पाहण्यासारखे आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे गावाची पिकाऊ जमीन, आणि पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. गाव म्हटले की त्यात काळी आली आणि पांढरीही आली. आता गावठाणाची माती पांढरी का असावी? दोन उत्तरे दिली जातात. एक असे, की पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिल्याने चुलीची राख, शेण आणि पडलेल्या मातीच्या भिंती साचून जमिनीचा रंगच पांढुरका होतो. महाराष्ट्रातली कितीतरी प्राचीन वस्तीस्थाने पुरातत्त्वज्ञांना अशा पांढरीच्या टेकाडांवरूनच सापडली आहेत, तेव्हा हे खरेच आहे. दुसरे उत्तर असे, की मुळात घरांसाठी उंचवट्यावरची, मुरमाची, पाणी न साचणारी जागाच निवडली जात होती आणि सुपीक काळी नांगरासाठी राखली जात होती. आम्हांला दोन्ही पटतात. उंचवट्यावर घर बांधणाऱ्या माणसाला घर कोरडे हवे असते आणि शेतही मोडायचे नसते. एका दगडात दोन्ही साधत असतील तर तो कारण वेगळे करून सांगत बसत नाही.

पांढरीचा आणखी एक उपयोग मराठवाड्यात घरोघरी होता. इथली जुनी घरे माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याची. जाड दगडी भिंती, त्यांवर लाकडी सर आणि फळ्या, आणि त्यांवर मातीचा थर. ही माती पांढरीच लागते. काळी घातली तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतील आणि पहिल्याच पावसात घर गळेल. पांढऱ्या मातीत फुगणारे खनिज कमी, चुन्याचा आणि बारीक पोयट्याचा अंश जास्त. ती चोपून बसवली की फुटत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकायची पद्धत होती.

आणि या शहाणपणाच्या पोटातच एक धोका वाढत होता. दरवर्षी नवी माती चढायची, पण जुनी कुणी काढायचे नाही. पन्नास-साठ वर्षांत छपराचा थर दीड-दोन फुटांचा व्हायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली, ती बहुतेक या छपरांखाली आणि मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंतींखाली. जिथे माळवदाचे ओझे भिंतींऐवजी लाकडी खांबांच्या चौकटीवर होते तिथल्या भिंती बाहेर कोसळूनही काही घरांतले छत उभे राहिले. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाचे नाव काढले तरी लोक दचकू लागले आणि पत्रा व सिमेंट आले. दोष पांढऱ्या मातीचा नव्हता, तिच्या वजनाचा आणि भिंतीच्या बांधणीचा होता. पण हा फरक अशा वेळी कोण सांगणार आणि कोण ऐकणार?

मलिक अंबरकडे पुन्हा येऊ. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव गनिमी काव्यासाठी येते. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याची दोन कामे अधिक महत्त्वाची आहेत. पहिले त्याची जमाबंदी. जमिनीचा मगदूर, म्हणजे तिची पिकवण्याची ताकद, पाहून धारा ठरवायचा ही त्याच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट. ती पुढे मलिकंबरी धारा म्हणून ओळखली गेली. दोनशे वर्षांनंतर, १८३५ च्या सुमारास, इंग्रज अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जमिनीची प्रतबंदी केली तेव्हा त्यांनी माती खणून तिची खोली हातांत मोजली आणि प्रत आण्यांत लिहिली. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी जमीन म्हणजे सोळा आणे. उथळ, भरड, मुरमाड जमीन उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत. चुनखडी, उतार, पाणथळपणा असे दोष निघाले तर प्रत आणखी खाली. निजामाच्या मुलखातही पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच धर्तीची पाहणी झाली.

हा तक्ता घर बांधणाऱ्याने उलटा वाचायला हवा. नांगराला जी सोळा आणे, ती पायाला दोन आणे; आणि शेतकरी ज्या बरडाकडे पाहून नाक मुरडतो तिथे पाया सर्वांत पक्का. काळीत शेत आणि पांढरीत घर असे असेपर्यंत हा विरोध कुणाला टोचला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर झपाट्याने वाढले, शेते बिगरशेती झाली, आणि सोळा आणे जमिनीवर प्लॉट पडले. प्लॉटची किंमत रस्त्यापासूनच्या अंतरावर ठरते. खाली काय आहे हे विचारणारा गिऱ्हाईक आम्हांला अजून भेटायचा आहे.

इमारतीला भेग का पडते ते पाहा. घराखालची माती झाकलेली असल्याने तिची ओल वर्षभर जवळपास टिकून राहते. भिंतीबाहेरची माती मात्र उन्हाळ्यात वाळते, आकसते. घराचे कोपरे खाली जातात. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि कोपरे वर उचलले जातात. वीटकाम दाब सोसते, वाकणे सोसत नाही. म्हणून सर्वांत कमजोर जागी, खिडकी-दाराच्या कोपऱ्यापासून, तिरपी भेग निघते. उन्हाळ्यात ती भेग सिमेंटने ठासून भरली की पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागाच उरत नाही, मग ती दुसरीकडे फुटते. बाईंच्या वर्गात हेच झाले होते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात या मातीवर मूलभूत काम झाले. रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने दाखवले, की खोल काळ्या जमिनीत ओलीचा हा चढउतार साधारण साडेतीन मीटरपर्यंतच पोहोचतो. त्याखाली माती बारा महिने सारखी असते. तेव्हा बारीक गोल खांब तेवढे खोल न्यायचे आणि तळाशी त्याला खांबाच्या अडीचपट रुंदीचा फुगा द्यायचा. उलटे ठेवलेले मुळ्याचे रोप डोळ्यांपुढे आणा. वरच्या मातीने कितीही ओढाताण केली तरी फुगा जागा सोडत नाही. खांबांवरची तुळई जमिनीला टेकवायची नाही, खाली थोडी पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी ती पोकळीतच फुगते.

दुसरे काम मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी केले. काळ्या मातीतून जाणारे कालवे सारखे ढासळत होते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांना असे आढळले, की सुमारे मीटरभर खोलीखालची काळी माती ओली होऊनही फारशी फुगत नाही. वरच्या थराची एकसंध पकड तिला रोखून धरते. मग वरची मीटरभर काळी काढून तिथे न फुगणारी, पण आपसांत घट्ट धरणारी माती दाबून बसवली तर? निव्वळ वाळूने हे साधत नाही, कारण वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत. साधते ते थोडी चिकणाई असलेल्या चांगल्या मुरमाने. नुसता "खाली मुरूम टाकून घ्या" असा सल्ला मराठवाड्यातला कोणताही जुना गवंडी देतो. किती जाड, कसा आणि का, हे कट्टींच्या प्रयोगांनी सांगितले.

तुमच्या शाळेची माती यांपैकी कोणती, हे मुलांना एका दिवसात कळू शकते. वाळलेली माती कुटून बारीक चाळणीतून चाळा. दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी घाला, दुसऱ्यात रॉकेल. (रॉकेल आता मिळेनासे झाले आहे, पण एखाद्या जुन्या घरात कपभर निघते.) हलवून, हवेचे बुडबुडे काढून दोन्ही पात्रे एक दिवस स्थिर ठेवा आणि मातीची पातळी वाचा. रॉकेलचे रेणू पापुद्र्यांमध्ये शिरत नाहीत, म्हणून तिथे माती आहे तेवढीच राहते. पाण्यात ती जितकी जास्त दिसेल तितकी फुगणारी. रॉकेलमध्ये १० घनसेंटिमीटर आणि पाण्यात १५ दिसली तर फुगवटा ५० टक्के. बाईंच्या मुलांनी शाळेच्या मागच्या मातीवर हा प्रयोग केला तेव्हा पाण्यातली माती जवळजवळ दुप्पट झाली. डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलाने घरची मुरमाड माती आणली होती. तिच्यात फरक दिसलाच नाही. त्याला फार वाईट वाटले.

भेग निदान दिसते. ज्याची आम्हांला अधिक काळजी वाटते ते दिसत नाही. मलिक अंबरचे दुसरे मोठे काम म्हणजे नहर. १६१७ च्या सुमारास त्याने शहराच्या उत्तरेच्या डोंगरपायथ्यापासून जमिनीखालून पाणी आणले. डोंगरावर पडलेला पाऊस मुरमात आणि फुटक्या खडकात जिरतो आणि हळूहळू उताराकडे झिरपतो. त्या झिरपत्या पाण्याला भुयारी मार्ग करून दिला, ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडे ठेवली, आणि केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरात आले. पुढे अशाच आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकातली पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरली. थोडक्यात, मलिक अंबरने मुरमाच्या थराला गाळणी आणि टाकी अशी दोन्ही कामे दिली होती. आज हे शहर पैठणच्या जायकवाडीतून पंपाने चढवलेले पाणी पिते, आणि ते पुरत नाही म्हणून बोअर व विहिरींचेही पिते. म्हणजे मुरमाच्या त्याच थरातले.

आणि त्याच थरात आपण शोषखड्डे सोडले आहेत.

संडासाची सेप्टिक टाकी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ झाली. फ्रान्समध्ये मूरा याने आणि १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात कॅमेरॉनने. आपल्याकडे १८९७ मध्येच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा वायू जाळून वापरला गेला होता. पण टाकी म्हणजे शुद्धीकरण, असा जो समज आहे तो खोटा. टाकीत गाळ खाली बसतो आणि कुजतो. बाहेर पडणारे पाणी दिसायला निवळ असले तरी जंतूंनी भरलेले असते. त्याची खरी गाळणी म्हणजे खड्ड्याभोवतीची माती आणि तिच्यातले हवेवर जगणारे सूक्ष्मजीव.

मग माती कोणती हा प्रश्न इथेही आलाच. कोकणच्या जांभ्यात खड्डा पाणी पितो. खोल काळीत पावसाळ्यात तो तुडुंब भरून वर येतो, कारण फुगलेली माती एक थेंब घेत नाही. आणि मे महिन्यात तेच पाणी भेगांमधून न गाळता सरळ खाली जाते. भारतीय मानकात पाणी मुरण्याची चाचणी दिलेली आहे. जमिनीत लहान खड्डा घेऊन तो रात्रभर पाण्याने भिजवायचा आणि मग पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. एक तासाहून जास्त लागला तर तिथे शोषखड्डा नकोच, असे मानक सांगते. तिथे टाकीचे पाणी जमिनीवर बांधलेल्या गाळणीतून न्यावे लागते. मुरमात चाचणी झटकन उत्तीर्ण होते, पण तिथे दुसरा धोका. मुरूम पातळ असेल आणि खाली फुटका खडक असेल तर पाणी गाळले जाण्याआधीच फटींतून वाट काढते आणि शेजारच्या विहिरीला मिळते. साताऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी सातारा-देवळाईसारखा भाग वर्षानुवर्षे मलवाहिनीशिवाय वाढला. घरोघरी टाकी, घरोघरी बोअर. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान १८ मीटर अंतर असावे असा नियम आहे. वीस बाय तीसच्या प्लॉटवर, म्हणजे फुटांच्या, ते काढायचे कुठून?

बागेचे थोडक्यात सांगतो, कारण शेतकऱ्यांना ते आमच्यापेक्षा जास्त कळते. दौलताबादच्या डोंगरउतारावर सीताफळ कुणी न लावता येते. त्याला उथळ मुरमाड जमीन मानवते. मोसंबीला खोल काळी आवडेल असे वाटते, पण पाणी तुंबले की खोडाला डिंक्या होतो आणि चुनखडी जास्त असली की पाने पिवळी पडतात. म्हणून इथे मोसंबीची कलमे रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात, तो खुंट भारी जमीन जास्त सोसतो. दिल्ली दरवाजाजवळची मुघलकालीन हिमायत बाग आज कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. सहलीला वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या शाळांनी तिथेही तासभर थांबायला हरकत नाही. आणि एक सूचना हौशी माळ्यांसाठी: काळ्या जमिनीत भिंतीला लागून मोठे झाड लावू नका. उन्हाळ्यात ते पायाखालची उरलीसुरली ओलही ओढून घेते. १९७६ च्या अवर्षणात इंग्लंडमध्ये चिकणमातीवरच्या असंख्य घरांना भेगा पडल्या, तेव्हा विमा कंपन्यांनी झाडांचाच हिशेब आधी काढला होता.

बाईंच्या शाळेत वर्गाच्या भिंतीपासून चार पावलांवर सुबाभळीची रांग होती आणि छपराचे पाणी त्याच कोपऱ्यात सांडत होते. आम्ही तीन गोष्टी सुचवल्या: पन्हळ बसवून पाणी दूर न्यावे, झाडांची रांग टप्प्याटप्प्याने हलवावी, आणि भिंतीभोवती काळी माती काढून दाबलेल्या मुरमावर रुंद फरशी करावी, म्हणजे पायाजवळची ओल फार कमी-जास्त होणार नाही. भेग सध्या भरू नये, तिच्या दोन्ही बाजूंना खुणा करून दर महिन्याच्या एक तारखेला अंतर मोजावे. मुलांनी एक वही केली. पहिल्या पानावर भेगेचे चित्र आहे आणि खाली लिहिले आहे, "रुग्णाचे नाव: सातवी ब".

पन्हळ बसली, फरशीही झाली. वहीतले उन्हाळा-पावसाळ्याचे अंतर पुढच्या वर्षी निम्म्यावर आले. शोषखड्डा मात्र अजून तिथेच आहे, आणि त्याच्यापासून हातपंप अकरा मीटरवर. हे अंतरही मुलांनीच मोजले, आम्ही सांगितले नव्हते. वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून त्यांनी मुख्याध्यापकांची सही घेतली आहे. खड्डा हलवायला जागाही नाही आणि पैसाही नाही, म्हणून बाई आता पंपाचे पाणी फक्त झाडांना घालू देतात.